संगणकाच्या पटलावरील चित्र



वर्गाच्या भिंतीवर काय लावावे, याचा विचार शिक्षक नेहमीच करीत आला आहे. संगणकाच्या पटलावर काय असावे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपलेली हिरवी टेकडी २००१ च्या 'विंडोज एक्स-पी'बरोबर जगभर पोहोचली, आणि असंख्य कचेऱ्यांत वर्षानुवर्षे तशीच राहिली. ती बदलावी असे कोणाला वाटलेच नाही!

मोठ्या कंपन्यांत हे चित्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले नसते. 'विंडोज २०००'पासून 'ग्रुप पॉलिसी' नावाची जी सोय उपलब्ध झाली, तिच्यायोगे व्यवस्थापक चित्राच्या फाइलचा पत्ता व मांडणीची पद्धत एकाच जागी नोंदवितो, आणि तो नियम शेकडो संगणकांवर लागू होतो. संगणक हे नियम साधारण ९० मिनिटांनी पुन्हा तपासतात. सर्वांनी एकाच क्षणी सर्व्हरवर गर्दी करू नये म्हणून त्यांत ३० मिनिटांपर्यंतची सवड ठेवलेली असते. नवे चित्र मात्र बहुधा पुढील लॉग-इनच्या वेळीच दिसते.

येथे दोन गोष्टींची दक्षता अवश्य घ्यावी लागते. फाइल केवळ सामायिक फोल्डरमध्ये असेल आणि लॅपटॉप नेटवर्कबाहेर गेला, तर चित्राच्या जागी नुसता काळा पडदा येण्याचा संभव असतो. म्हणून ती प्रत्येक संगणकावर एकाच ठिकाणी आधी उतरवून ठेवणे श्रेयस्कर. दुसरे असे की, त्या फोल्डरातील फाइल सर्वांना वाचता यावी, पण बदलता येऊ नये. एखाद्या खोडकराने ती बदलली, तर त्याचा खोडसाळपणा दुसऱ्या दिवशी प्रत्येक पटलावर झळकेल.

'स्ट्रेच' मांडणीत चित्र बेढब होते, तर 'फिल' मांडणीत कडा कापल्या जातात. १९२०×१०८० चे चित्र १०२४×७६८ च्या जुन्या प्रोजेक्टरवर गेले, की दोन्ही बाजूंचा मजकूर नाहीसा होतो. डावीकडे चिन्हांची रांग व तळाशी टास्कबार असतो, हेही विसरू नये.

नियम लागू होताच वापरणाऱ्याला ते चित्र बदलता येत नाही. दिवसभर हिशेब करणाऱ्या लिपिकाने मुलीचे छायाचित्र लावलेले असते; एके सकाळी त्याजागी कंपनीचे बोधचिन्ह येते. केवळ शोभेसाठी असे करणे अनुचित होय. त्या जागेवर हक्क सांगावयाचा, तर तेथे उपयोगाचे काही द्यावे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० आणि संकटातील बालकांसाठीचा १०९८, हे दोन क्रमांक ठळक अक्षरांत असतील, तर घाबरलेल्या माणसाला शोधाशोध करावी लागणार नाही. परवलीचे शब्द, वाय-फायची किल्ली किंवा मुलांची नावे तेथे कदापि नसावीत; प्रोजेक्टर लावताच ती साऱ्या सभेला दिसतात.

ज्या शाळेत सर्व्हर नाही आणि संगणक चारपाचच आहेत, तेथे एवढ्या यंत्रणेचे प्रयोजन नाही. 'विंडोज'च्या 'होम' आवृत्तीत तर ग्रुप पॉलिसीचे संपादनसाधन दिलेलेच नसते. तेथे सेटिंग्जमधील 'पर्सनलायझेशन'मध्ये जाऊन चित्र हाताने लावावे, कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख घालावी, आणि वर्षारंभी क्रमांक पुन्हा पडताळून पाहावेत.