सरावाचा गणवेश घरीच रंगवू या



कराटे-ज्युदोचा पांढरा गणवेश काही दिवसांत पिवळट पडतो, डागाळतो. नवा घेणे प्रत्येक घराला परवडत नाही आणि संकोचापोटी मूल वर्गाला येणेच सोडते. हे आपण थांबवू शकतो.

गणवेश शुद्ध सुती असेल तर आपण तो सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाने रंगवावा. डाग झाकायला गडद निळा किंवा काळा बरा. आधी साबणाने स्वच्छ धुवावा. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाण्यात रंग व मीठ विरघळवून त्यात ओला गणवेश हलवत राहावे. मग धुण्याचा सोडा वेगळा विरघळवून घालावा. सोड्याशिवाय रंग पक्का बसत नाही. तासाभराने पाणी निवळ येईपर्यंत धुवावा. रंगाची पूड श्वासात जाऊ नये म्हणून नाक-तोंड बांधावे, हातमोजे घालावेत. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असल्यास पांढराच राहील. तीच नक्षी समजू या.

छातीवर कापडी चिन्ह सपाट शिवावे. आरसे, मणी, बटणे नकोत. पकडीत जोडीदाराला इजा होते.

स्पर्धेसाठी मात्र कराटेत पांढराच गणवेश लागतो. ज्युदोत आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९७ साली निळ्यालाही मान्यता दिली, तरी घरचा रंग सरावापुरताच ठेवावा. स्पर्धेसाठी दोन-तीन पांढरे गणवेश आपण मिळून सांभाळू. जुन्या कपड्यापायी एकही विद्यार्थी घरी बसू नये, एवढीच विनंती.