खोटी वर्दी, बंब परत



आपत्कालीन सेवेत राबणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, मनापासून आभार. आभार इतक्यावरच आटोपतो, कारण मला एक कबुली द्यायची आहे.

अग्निशमन दलात मी ३१ वर्षं काढली. मध्यरात्री वर्दी आली की घंटा, घाईघाईत चढवलेले बूट, आणि शेवटचा माणूस पायरीवर असतानाच हललेला बंब. ठिकाणावर पोचावं तर कुलूपबंद दुकानं आणि झोपलेली गल्ली. धूर नाही, जळका वास नाही. तरी दोघे फायरमन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात, तिसरा गच्ची गाठतो. धूर दिसला नाही म्हणजे आग नाही, असं आपण कधीच धरून चालत नाही. मग वायरलेसवर कळवायचं आणि माघारी फिरायचं. केंद्रात आल्यावर नोंदवहीत चार शब्द : ‘खोटी वर्दी. बंब परत.’ खाली माझी सही. अशा सह्या किती केल्या ते मोजलेलं नाही. पण त्यांतल्या एकाही वर्दीबद्दल मी लेखी तक्रार दिली नाही. हीच ती कबुली.

कायदा नव्हता असं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १८२ होतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम २१७ झालं. कैद वर्षापर्यंत गेली, दंड दहा हजारांपर्यंत. एक अट मात्र जुन्या कायद्यातून नव्यात जवळपास तशीच उतरली. ज्या लोकसेवकाला खोटी माहिती दिली गेली त्याने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कितीही बोंब मारली तरी भागत नाही. तक्रार आपल्यालाच लिहावी लागते, तीही वर्षाच्या आत.

आपण का लिहीत नाही ते मला ठाऊक आहे. तारखा पडतील, ड्यूटी बुडेल, साहेब म्हणतील, एवढं कशाला. पण लोकसेवकाने कर्तव्याचा भाग म्हणून लेखी तक्रार दिली, तर दखल घेण्याआधी त्याचा शपथेवर जबाब घेण्याची सक्ती न्यायदंडाधिकाऱ्यावर नाही. हे मला निवृत्तीनंतर एका वकील मित्राने सांगितलं. नोकरीत असताना मीच विचारायला हवं होतं.

शिक्षा वाढवा, अशी मागणी दर वेळी होते. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादला उतरवावं लागलं. २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्याखाली तिथल्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रवाशाला जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड ठोठावला. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, विमानांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या त्या शेकड्यांनी. एवढ्या मोठ्या शिक्षेची बातमी होऊनही हात थांबले नाहीत. माझ्या मते दहा हजारांचा दंड पुरे आहे, पण तो चुकता कामा नये.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त छळते. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, लोक रुळांवर उतरले, आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं हकनाक गेली. आग नव्हतीच. पण भेदरून ओरडलेला माणूस खोटं बोलत होता, असं मी म्हणणार नाही. कलम २१७ मध्येही ‘खोटी आहे हे ठाऊक असताना’ या अर्थाचे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. उद्या आपण तक्रारींचा धडाका लावला आणि खरोखर घाबरलेला माणूस ११२ फिरवताना कचरला, तर ते पाप आपल्या माथी येईल.

एकदा एका बाईंनी समोरच्या बंद घरामागून धूर येतोय म्हणून वर्दी दिली. आम्ही पोचलो. मागच्या अंगणात कुणीतरी ओल्या लाकडांवर पाणी तापवत होतं. बाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या. “साहेब, मला दंड भरावा लागेल का?” मी म्हटलं, “नाही ताई. पुन्हा धूर दिसला तर पुन्हा फोन करा, आम्ही पुन्हा येऊ.”

केंद्रात परतल्यावर मात्र सवयीने तेच चार शब्द लिहिले. मजा म्हणून मध्यरात्री आम्हाला पळवणारा आणि त्या बाई, दोघेही माझ्या नोंदवहीत एकाच रकान्यात आहेत. परिषदेत ठराव मांडायचेच असतील, तर पहिला ठराव तो रकाना दुभागण्याचा मांडा.