काळजीचा काच आणि निसर्गाचा उपाय



मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. आठवीनंतर माझी शाळा सुटली; पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आज सांगणार आहे ते पाहिलेले, भोगलेले आणि वाचून ताडून घेतलेले आहे, एवढेच समजावे.

आमच्या युनियनमध्ये एक कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपण्याचा महिना आला की तो खाडे करू लागे. 'छातीत धडधडते, हाताला घाम सुटतो, यंत्रापाशी उभे राहवत नाही,' म्हणे. मी त्याला चारचौघांत कामचुकार म्हटले. तो काही बोलला नाही. महिन्याची वर्गणी देऊन गेला, तो पुन्हा आला नाही.

पुढे काही वर्षांनी एका वाटाघाटीच्या आदल्या रात्री माझीच छाती धडधडू लागली. वाटले, संपले आता! इस्पितळात हृदयाचा आलेख काढला. तो स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'हृदय ठीक आहे, पण तुमचा त्रास खोटा नाही.' त्या क्षणी मला तो गडी आठवला.

हा त्रास होतो कसा? संकट दिसले की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, नाडी धावते, श्वास उथळ होतो, पचन मंदावते. समोर वाघ असेल तर ही सज्जता जीव वाचवते. पण वाघाऐवजी कामावरून कमी केल्याची नोटीस असेल तर? तिच्याशी ना कुस्ती करता येत, ना तिच्यापासून पळता येत. शरीर मात्र रात्रंदिवस सज्जच राहते, आणि झोप उडते.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला राहिले आणि तेथे त्यांनी गोरगरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केला. ऊन, पाणी, माती, साधा आहार आणि रामनाम, ही त्यांची औषधे. निसर्गोपचाराचे सगळेच दावे शास्त्राच्या कसोटीला उतरलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण काही गोष्टी उतरतात, आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, श्वास. पोटाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. पाच मिनिटांत नाडी उतरू लागते. दुसरी, चालणे. रोज अर्धा तास भरभर चालावे, सकाळच्या उन्हात चालता आले तर उत्तम. तिसरी, चहा. पाळीवर सात-आठ कप रिचवणाऱ्याने धडधडीची तक्रार करण्याआधी ते कप मोजावेत. तंबाखूचेही तेच. चौथी, झोपेची वेळ पाळावी. निजण्यापूर्वी कोमट पाण्यात पाय बुडवून बसले तर पुष्कळांना झोप लवकर लागते. मधुमेह्यांनी मात्र पाणी आधी हाताच्या कोपराने पाहावे.

पण छातीत कळ आली तर श्वास मोजत बसू नका, इस्पितळ गाठा. डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नका. जीव नकोसा वाटू लागला तर एकटे राहू नका. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगणे माझे कामच आहे. श्वास लांबवणे आपल्या हाती आहे. कंत्राट लांबवणे एकट्याच्या हाती नाही. ज्याची भाकरी दर काही महिन्यांनी टांगणीला लागते, त्याला नुसते 'मन शांत ठेव' म्हणणे ही थट्टा आहे. त्यासाठी संघटना हवी. पण संघटनेतही 'मला भीती वाटते' असे म्हणायला जागा हवी. ती जागा मी त्या गड्याला दिली नाही. नंतर त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा बिऱ्हाड हलले होते.

आता आमच्या कचेरीत कोणी धडधडते म्हणाला की मी आधी त्याला बसवतो, पाणी देतो आणि ऐकून घेतो. घरी गेल्यावर आपणही एवढे करावे, ही विनंती.