शाळेमागच्या टेकडीसाठी



आम्ही काही जण रविवारी देशी झाडं ओळखत फिरतो, उन्हाळ्यात बिया गोळा करतो. बहाव्याचं टणक बी घासून भिजवलं की लवकर रुजतं. रोपं दुधाच्या पिशव्यांत वाढवतो.

शाळेमागच्या टेकडीवर आता सगळीकडे गिरिपुष्प आहे, मूळचं मध्य अमेरिकेतलं. सरांनी दाखवलेल्या पळसांपैकी एकच उरलाय. पळसाच्या शेंगेत बी एकच. तरी त्याची 40 रोपं तयार आहेत.

देणगी नको. लावणं एका सकाळचं काम, पण पाणी तीन उन्हाळे घालावं लागेल. गावातल्यांनी वार वाटून घ्यावेत. बाहेरच्यांनी जूनमधला एक रविवार द्यावा. सर, पहिलं रोप तुमच्या हातून लावायचं आहे.