एक दिवसाआडचे पाणी आणि शिळेपणाचा गैरसमज



पावलोपावली पाणी, अशी माळव्याची ख्याती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच माळव्यातील इंदूर शहरात कित्येक वस्त्यांच्या नळांस वर्षानुवर्षे एक दिवसाआड पाणी येत आले आहे.

होळकर संस्थानच्या काळात बिलावली, सिरपूर हे तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंतसागर यांवर शहराची भिस्त होती. वस्ती वाढली, तसे हे साठे अपुरे पडू लागले. नर्मदेचे पाणी शहरात आणावे, यासाठी 1970 साली नागरिकांनी आंदोलन केले आणि 1978 साली ते पाणी इंदुरास पोहोचले. मंडलेश्वरनजीकच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर अंतर तोडून, पंपांच्या बळावर विंध्याचा चढ चढवून ते आणावे लागते. या विजेचा भार हलका व्हावा, म्हणून महानगरपालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे काढले आणि जलूद येथे 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. नळाला येणारी प्रत्येक घागर अशी मोलाची आहे.

असे असता, पाण्याची पाळी आली की अनेक घरांत पहिली गोष्ट घडते ती ही, की आदल्या पाळीचे पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. अन्न शिळे होते. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले आणि ओगराळ्याने काढलेले पाणी दोन दिवसांत शिळे होत नाही. एक हजार घरांनी 15 लिटरांची एकेक बादली ओतून दिली, तर 15 हजार लिटर पाणी वाया जाते. शहरातील माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरल्यास, ही सुमारे 111 माणसांची एका दिवसाची गरज होय. डासांची अळी वाढू नये, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासावीत हे खरे; परंतु ते पाणीही झाडांस अथवा फरशी पुसण्यास उपयोगी पडते.

दुसरी बाब न्यायाची आहे. टाकीची झडप उघडली, की टाकीजवळच्या घरांस पाणी आधी मिळते. त्यांनी तोट्या उघड्या ठेवल्या, तर नळवाहिनीच्या टोकाच्या घरी केवळ हवा येते. कोणी नळास थेट मोटार जोडली, तर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जातेच, शिवाय वाहिनीतील दाब घटून सांध्यांच्या फटींतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. मग तेच दूषित पाणी मोटार लावणाऱ्याच्याही घरी जाते. पाळीपद्धतीचा हेतू टंचाई सर्वांनी सारखी वाटून घ्यावी हा आहे. एकाने दोघांचा वाटा घेतल्यास तो हेतूच नष्ट होतो.

प्रशासनाचीही जबाबदारी तितकीच आहे. मध्यप्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, 1986 अन्वये जिल्हाधिकारी एखादे क्षेत्र जलटंचाईग्रस्त घोषित करून तेथे नव्या कूपनलिकांवर निर्बंध घालू शकतात. परंतु पाळीची वेळ आगाऊ कळविणे, ती पाळणे आणि फुटलेली वाहिनी त्वरित दुरुस्त करणे, यांवरच नागरिकांचा विश्वास अवलंबून असतो. वेळेची खात्री नसली, की माणूस गरजेपेक्षा अधिक साठवितो आणि पुढे ओतून देतो.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक साधा प्रयोग करून घ्यावा. गळक्या तोटीखाली रात्रभर भांडे ठेवून सकाळी पाणी मोजावे. सेकंदास एक थेंब गळाला, तरी दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जमते. मुलाने स्वतः मोजलेले हे पाणी घरच्यांस कोणत्याही फलकापेक्षा लवकर पटेल.

पुढील पाळीस नळ सुरू होईल, तेव्हा प्रत्येक घराने भरलेली भांडी आधी वापरावीत, रिकामी तेवढीच भरावीत आणि तोटी बंद करावी. वाहिनीच्या टोकाच्या घरातील घागर त्यामुळेच भरेल.