‘कीस्टोन’ : कमानींतला आणि बोलण्यांतला

एखाद्या संस्थेच्या थोर चालकाला इंग्रजींत त्या संस्थेचा ‘कीस्टोन’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठींत त्याचें भाषांतर बहुधा ‘आधारस्तंभ’ असें होतें. तेवढ्यानें काम भागतें खरें; परंतु खांब आणि कीस्टोन यांचा धर्म अगदीं भिन्न आहे. खांब एकटा उभा राहूं शकतो. कीस्टोनला शेजाऱ्यांवांचून टिकतांच येत नाहीं.

दगडी कमान बांधतांना प्रथम तिच्या आकाराचा लांकडी सांचा उभारतात. पाचरीसारखे घडविलेले दगड दोन्ही बाजूंनीं त्यावर रचीत वर आणतात. शेवटीं माथ्यावर जी जागा उरते, तींत बसणारा दगड म्हणजेच कीस्टोन. तोंपर्यंत भार सांच्यावर असतो. हा दगड बसला कीं सांचा काढून घेतां येतो आणि सारे दगड एकमेकांना रेटीत आपल्याच वजनानें घट्ट राहतात. फ्रान्समधील ‘पाँ द्यू गार’ हा रोमन लोकांचा पाण्याचा पूल इ. स. च्या पहिल्या शतकांतला. त्याच्या मोठ्या कमानींत चुना घातलेला नाहीं, तरी त्या आजही उभ्या आहेत.

शेवटचा दगड बसतांच कमान स्वतःच्या बळावर उभी राहते, या देखाव्यावरून लाक्षणिक अर्थ निघाला. अमेरिकेच्या मूळच्या १३ संस्थानांत मध्यावर असलेल्या पेनसिल्व्हेनियाला ‘कीस्टोन संस्थान’ हें नांव मिळालें. पुढें हा शब्द जीवशास्त्रांतही शिरला. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञानें वॉशिंग्टन प्रांताच्या खडकाळ किनाऱ्यावरील एका भागांतून तारामासे काढून टाकण्याचा प्रयोग केला. त्यांचें भक्ष्य असलेले शिंपले मोकाट वाढले, त्यांनीं खडक व्यापला, आणि तेथील १५ जातींपैकीं ८ च उरल्या, असें त्यानें १९६६ सालीं प्रसिद्ध केलें. अशा प्राण्याला १९६९ सालीं त्यानें ‘कीस्टोन’ जात म्हटलें.

परंतु कमानींत सर्वांत अधिक भार कीस्टोन वाहतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. कमानीचा दाब माथ्यावर सर्वांत कमी असतो. खालीं येतांना प्रत्येक दगडाचें वजन त्यांत मिळत जातें आणि पायथ्याशीं तो सर्वांत अधिक होतो. गॉथिक पद्धतीच्या अनेक टोंकदार कमानींत तर माथ्यावर दगड नसून नुसता सांधा असतो. कीस्टोन काढला तर कमान कोसळेल हें खरें. पण खालचा कोणताही दगड काढला तरी तेंच होईल. नक्षी मात्र बहुधा माथ्यावरच्या दगडालाच मिळते.

म्हणून एखाद्या कर्त्या पुरुषाला ही उपमा देतांना ती पुरती द्यावी. त्याच्या येण्यानें काम पूर्णतेस गेलें असेल, तर तो कीस्टोन खराच. पण त्याच्या दोहों बाजूंस तितकाच आवश्यक असा एकेक सहकारी असतो, अधिक दाब सोसणारे पायथ्याशीं असतात, आणि कमान पुरी होईपर्यंत सर्वांना तोलून धरणारे, पुढें कोणाच्याही नजरेस न पडणारे, सांच्यासारखेही कांहीं असतात. सत्काराच्या दिवशीं त्यांचींही नांवें घेतलीं, तरच तो शब्द यथार्थ ठरेल.