चित्राची मजुरी

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज मी भुरीबाईंविषयी बोलणार आहे. भुरीबाई भिल्ल समाजाच्या. त्या चित्रं काढतात. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत त्या गेल्या नाहीत, पण 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचं गाव पिटोल. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात, गुजरातच्या हद्दीजवळ. आपल्या नंदुरबार-धुळ्याकडेही भिल्ल समाज मोठा आहे, त्यामुळे तिकडच्या मैत्रिणींना हे सगळं ओळखीचं वाटेल. लहानपण मजुरीत आणि जंगलातून लाकूडफाटा आणण्यात गेलं. सणावाराला मात्र घराच्या भिंती सारवायच्या आणि त्यावर चित्रं काढायची. रंग घरचेच. गेरूचा लाल, खडूच्या मातीचा पांढरा, तव्याच्या काजळीचा काळा, पाल्याचा हिरवा. मोर, झाडं, गुरं, झोपड्या, जे रोज दिसायचं ते भिंतीवर यायचं. त्याला कुणी कला म्हणत नव्हतं आणि त्याचे पैसेही कुणी देत नव्हतं.

लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर मजुरीसाठी भोपाळला आल्या. तिथे भारत भवन नावाचं कलेचं मोठं केंद्र बांधलं जात होतं. 1982 साली ते सुरू झालं. त्या बांधकामावर भुरीबाई घमेली वाहत होत्या. रोज सहा रुपये. बोली भिल्ली, हिंदी जेमतेम.

तिथल्या कलासंग्रहालयाची जबाबदारी जे. स्वामिनाथन यांच्याकडे होती. ते स्वतः मोठे चित्रकार. गावोगावच्या आदिवासींची कला भारत भवनात यावी, यासाठी ते धडपडत होते. कामावरच्या बायकांना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात ते कागदावर काढून दाखवाल का? भुरीबाईंच्या मनात पहिला प्रश्न काय आला असेल? आपण चित्र काढत बसलो तर आपलं काम कोण करणार आणि आजची मजुरी कोण देणार? कोणत्याही कष्टकरी बाईच्या मनात हाच प्रश्न आला असता. स्वामिनाथन म्हणाले, मजुरी मी देतो. त्यांनी रोजचे दहा रुपये दिले.

भुरीबाईंना याचं नवल वाटलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. उन्हात घमेलं वाहायचे सहा आणि बसून चित्र काढायचे दहा! आणि चित्र तरी कोणतं, तर लहानपणापासून फुकट काढत आलेलं.

तिथून त्या कागदावर आणि कॅनव्हासवर चित्रं काढू लागल्या. भिल्ल बायकांमध्ये असं करणाऱ्या त्या पहिल्या मानल्या जातात. तयार रंग आणि ब्रश त्यांना नवे होते, पण हात सरावाचा होता. भिल्ल चित्रात आकार ठिपक्यांनी भरतात. प्रत्येकाची ठिपके देण्याची पद्धत वेगळी असते, आणि जाणकार त्यावरून चित्र कुणाचं ते ओळखतात. जशी बाईची शिवण टाक्यावरून ओळखू येते तसंच.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. भिल्लांमध्ये पिठोरा नावाचं नवसाचं चित्र असतं, त्यात देवाचे घोडे असतात. ते काढायचा मान पुरुषांचा. भुरीबाईंनी ही रीत पाळली. पिठोऱ्याचा घोडा त्या काढत नाहीत. पण बाकीचं सगळं जग त्यांना मोकळं होतं. झाडं, जनावरं, देव, सण तर त्यांनी काढलेच, शिवाय शहरात पाहिलेल्या बस आणि विमानंही काढली. रीत सोडायची की पाळायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यांचं एवढंच घ्यावंसं वाटतं, की जे दार बंद होतं तिथे त्या अडून बसल्या नाहीत.

पुढे त्यांना मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला. भोपाळच्या आदिवासी लोककला संस्थेत चित्रकार म्हणून काम मिळालं. तिथल्या जनजातीय संग्रहालयात एका लांबलचक भिंतीवर त्यांनी स्वतःच्या आयुष्याची गोष्ट रंगवली आहे. गावच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्या बाईची गोष्ट आता संग्रहालयाच्या भिंतीवर आहे.

आता आपल्या गटांकडे येते. सगळ्यांना पद्मश्री मिळणार नाही. पण त्या दहा रुपयांची गोष्ट आपल्या प्रत्येकीची आहे. मी गटांच्या बैठकींना जाते, तेव्हा वस्तूचा भाव ठरताना ऐकते. कापडाचे किती, दोऱ्याचे किती, गाडीभाड्याचे किती, सगळं वहीत असतं. बाईच्या हातांचे किती, तो रकाना कोराच असतो. विचारलं तर उत्तर येतं, "ताई, ते तर घरबसल्याच करतो."

समजा, एक गोधडी सहाशेला विकली. कापड, दोरा मिळून साडेतीनशे गेले. उरले अडीचशे. रोज दुपारी चार तास, असे दहा दिवस ती शिवली. म्हणजे चाळीस तास झाले. तासाला पडले सव्वासहा रुपये. शेतात खुरपायला गेल्यावर एवढ्यावर कुणी राहील का? मग गोधडीवर का राहायचं?

गिऱ्हाईक लगेच दुप्पट पैसे देणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण आपली मजुरी किती हे आपल्यालाच माहीत नसेल, तर भाव कुठवर उतरवायचा हेही कळत नाही. स्वामिनाथनांसारखा माणूस प्रत्येकीच्या दारात येणार नाही. तो प्रश्न आपला आपणच विचारायचा: माझी मजुरी कोण देणार?

म्हणून पुढच्या बैठकीत एकच काम करा. गटाच्या वहीत मालखर्चाच्या शेजारी "हाताची मजुरी" असा रकाना आखा. लागलेले तास लिहा आणि तुमच्या गावात शेतमजुरीचा जो दर असेल, त्याने हिशेब करा. आकडा काय आला ते मला जरूर कळवा. पुढच्या भाषणात त्यावरच बोलू.